ऑफिसच्या मिक्स बॉक्स क्रिकेटमध्ये ट्रान्सजेंडर महिला खेळाडूला लेडीज कोट्यात धरायचं का? नियम काय आहे?

नियम म्हणाल तर सोसायटी-ऑफिसच्या मिक्स टुर्नामेंटला वरून आलेला नियम नसतोच, आयोजक ठरवतील तो नियम. तुमच्या टर्फवरच्या सहा ओव्हरच्या मॅचमध्ये बीसीसीआय लक्ष घालायला येणार नाही. आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं की पुरुष म्हणून वयात आलेली व्यक्ती, नंतर कसलेही उपचार घेतले तरी, महिला संघातून खेळू शकत नाही, पण ते फक्त आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटपुरतं. इंग्लंडच्या बोर्डाने मे २०२५ मध्ये, त्यांच्या सुप्रीम कोर्टाने एप्रिलमध्ये समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्मतः स्त्री असा निकाल दिल्यानंतर, अशीच बंदी हौशी महिला क्रिकेटपर्यंत खाली आणली. आणि त्यांनीसुद्धा ओपन आणि मिक्स क्रिकेट ट्रान्स महिलांना खुलं ठेवलंय. म्हणजे इतके कडक लोकही मिक्समध्ये खेळू नको म्हणत नाहीत, तेव्हा खेळू द्यायचं का हा विषय संपला. राहिला कोटा, आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दर जानेवारीत मिक्स बॉक्स क्रिकेट असतं. नियम तुमच्याकडे असतील तेच असणार, टीममध्ये किमान दोन लेडीज, एक ओव्हर लेडीजची, लेडीजला बॉल अंडरआर्म आणि लेडीजने मारलेले रन डबल. सगळं बघतात माझे धाकटे दीर. मी कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीच्या टीममधून लेदर बॉलवर ओपनिंग केलेली बाई, आणि मला इथे नववी-दहावीतल्या पोरांच्या मागे आठव्या नंबरला पाठवतात, का तर "वहिनी, तुमचे रन डबल आहेत ना, शेवटी कामाला येतील." फिल्डिंगला कुठे, तर नेटच्या कोपऱ्यात, जिथे बॉल जातच नाही. यावरून आमची भांडणं माझ्या लग्नापासूनची आहेत, नवरा आता मध्ये पडत नाही.

तर एका वर्षी बी विंगच्या टीममध्ये एक ट्रान्स मुलगी खेळायला आली, भाड्याने राहायची, बँकेत नोकरी. नाव सांगत नाही. लीग मॅचमध्ये तिने दोन कॅच सोडले, एक ओव्हर टाकली त्यात वाइडच वाइड, तेव्हा कोणाला काही अडचण नव्हती. उलट आमचे भाऊजी माइकवर "बघा आपली सोसायटी किती पुढारलेली" वगैरे बोलले. सेमीफायनलला ती भाऊजींच्या टीमसमोर आली आणि अंडरआर्म बॉलवर लागोपाठ दोन सिक्स मारले. दोन सिक्सचे डबल म्हणजे चोवीस. आणि मग अचानक सगळ्यांना जीवशास्त्र आठवलं. मॅच थांबली, टर्फचं भाडं तासावर चालू, आणि कमिटीचे सहा पुरुष तिच्याभोवती उभे. एकाने आधार कार्ड मागितलं, तिने मोबाईलवर दाखवलं, त्यावर फिमेल होतं, तर म्हणे आधारवर काय कोणीही लिहून आणेल. दुसऱ्याने विचारलं ऑपरेशन झालंय का. हे सगळ्यांसमोर, लहान पोरं उभी असताना! मी मध्ये गेले तर "वहिनी तुम्ही बसा."

ती मुलगी शांतपणे म्हणाली, माझे सिंगल धरा, मला डबल नकोतच. झालं, तोडगा निघाला म्हणून सगळे खूश. मी म्हटलं मग माझेही सिंगलच धरा, मी काही हिच्यापेक्षा वाईट मारत नाही. तर भाऊजी, "नाही, तुमचे डबलच राहतील, नियम आहे." आत्ताच एकीसाठी बदलला तो नियम दुसरीसाठी हलत नाही म्हणजे काय? म्हणजे बाईने चांगलं खेळायचंच नाही, खेळली तर ती बाई आहे का हे तपासायचं, आणि खरोखरची बाई असेल तर तिला डबल रनच्या पाटावर नवरीसारखं बसवून ठेवायचं. माझं मत स्पष्ट आहे, भांडण तिच्याबद्दल नव्हतंच, भांडण होतं तो डबलचा खिरापतीसारखा वाटलेला नियम.

शरीराचा फरक नसतो असं मी म्हणत नाही, तो असतो. वयात आल्यावर मुलग्यांची उंची, हाडं, स्नायू वाढतात आणि नंतर टेस्टोस्टेरॉन कमी केलं तर हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं पण ताकद फार हळू उतरते, उंची तर उतरतच नाही. म्हणून फक्त महिलांच्या स्पर्धेचा वाद खरा आहे, तिथे सिलेक्शन असतं, जागा मोजक्या असतात. पण मिक्समध्ये समोर आधीच सहा फुटी पुरुष उभे असतात हो! तिथे एका ट्रान्स मुलीने कोणाच्या सुरक्षेला काय धोका होणार?

आणि तपासणीची हौस असलेल्यांनी आपली धावपटू शांती सौंदराजन आठवावी. ती ट्रान्सजेंडर नव्हती, मुलगी म्हणूनच वाढलेली, २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये ८०० मीटरचं सिल्व्हर तिच्याकडून काढून घेतलं ते लिंग चाचणी करून. एकदा तपासायला लागलात की तुमच्या ऑफिसमधली उंच, आखूड केसांची कोणतीही मुलगी पुढच्या लाइनीत उभी असते.

तर तुम्ही काय करा, कोटा ठेवायचाच असेल तर ऑफिसच्या रेकॉर्डवर जे लिंग आहे ते धरा, आणि ते टीम जाहीर करतानाच ठरवा, सिक्स बसल्यावर नाही. तिचं रेकॉर्ड अजून बदललेलं नसेल तर एचआरने तिला एकटीला विचारावं, कॅप्टनने ग्रुपवर नाही. कागद हवाच असेल तर २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्याकडून ओळखपत्र मिळायची सोय आहे, पण टेनिस बॉलच्या मॅचसाठी तो मागणं मला तरी आचरटपणा वाटतो. डबल रन काढून टाका. सवलत द्यायची तर नवख्याला द्या, मग तो अकाउंट्समधला ढेरपोट्या पुरुष का असेना, अंडरआर्म त्याला टाका.

हां, हे सगळं बॉक्स क्रिकेटपुरतं. कॉर्फबॉल, म्हणजे बास्केटबॉलसारखा मिक्स खेळ, खेळत असाल तर तिथे चार पुरुष चार बायका असतात आणि पुरुषाने पुरुषालाच, बाईने बाईलाच अडवायचं असा मूळ नियम आहे, मिक्स फ्रिस्बीतही (चकती फेकायचा खेळ) चार पुरुष-तीन बायका किंवा उलट असं गणित असतं आणि साधारण तशाच जोड्या लागतात. तिथे तिला कोण अडवणार हा खरा प्रश्न आहे आणि तो माझ्या फॉर्म्युल्याने सुटत नाही. आणि तुमच्याकडे मोठी बक्षिसाची रक्कम असेल तर बाकीच्या मुलींनाही आधी विचारा, त्यांना काय वाटतं ते कोणीच विचारत नाही, आम्हालाही नव्हतं विचारलं.

ती मुलगी पुढच्या वर्षी खेळली नाही, नंतर ठाण्याला राहायला गेली. भाऊजी अजून आयोजक आहेत. या उत्तराची लिंक मी फॅमिली ग्रुपवर टाकणार आहे, आणि भाऊजी, यंदा मी ओपनिंगला येतेय, रन सिंगल, बॉल ओव्हरआर्म, तुम्हीच टाका.