वाचकांचे प्रश्न : सॉसेज, पालेभाजी आणि कढईत साचलेले पाणी

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी दोन वर्षे न्यू जर्सीला होता. तेथे तो रात्रीच्या जेवणाला इटालियन सॉसेज आणि पालेभाजी एकाच कढईत करून पावाबरोबर खात असे. त्याच्या सांगण्यावरून मी वांद्र्याच्या एका कोल्ड स्टोरेजमधून पोर्क सॉसेज आणले, मोठ्या आचेवर तेलात परतले, वर दोन जुड्या पालक चिरून घातला आणि झाकण ठेवले. सॉसेज फुटले, बाहेरून करपले तरी आतून कच्चेच राहिले, आणि पालकाला इतके पाणी सुटले की सगळा प्रकार पातळ भाजीसारखा झाला. शिवाय ‘ही ती चव नाही’ हे मुलाचे म्हणणे वेगळेच. नेमके कोठे चुकले? (एक वाचक, दादर)

उत्तर : थोडी चूक आचेची, थोडी झाकणाची आणि बरीचशी पालकाची आहे. चवीचा मुद्दा आधी घेऊ. अमेरिकेत ज्याला इटालियन सॉसेज म्हणतात ते कच्चे असते, आणि त्याची ओळख बडीशेपेत आहे. तेथील नियमाप्रमाणे या नावाने विकल्या जाणाऱ्या सॉसेजमध्ये मीठ आणि मिरी यांच्याबरोबर बडीशेप किंवा तिच्याच वासाचे अनीस असावेच लागते आणि चरबी ३५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. आपल्याकडे साध्या पोर्क सॉसेजमध्ये बडीशेप बहुधा नसते, त्यामुळे ते उत्तम शिजले तरी आपल्या चिरंजीवांना न्यू जर्सीची आठवण येणार नाही. यावर उपाय सोपा आहे. पोर्कचा खिमा मिळत असेल तर आतड्याच्या वेष्टणाची खटपट न करता सॉसेजचे मिश्रणच घरी करावे. चौघांसाठी अर्धा किलो खिमा घ्यावा आणि त्यात पाव हिस्सा तरी चरबी असू द्यावी. ‘चरबी काढून द्या’ असे सांगण्याची आपली सवय येथे आड येते, कारण चरबीवाचून हा खिमा कोरडा आणि भरभरीत होतो. त्यात दीड चमचा मीठ, कोरडी भाजून भरड कुटलेली दोन चमचे बडीशेप, चमचाभर मिरपूड, ठेचलेल्या चारपाच लसूण पाकळ्या आणि चवीनुसार भरड लाल मिरची घालून मिश्रण हाताला चिकटू लागेपर्यंत मळावे. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटी होऊन खिम्याला धरून ठेवतात, म्हणून ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले तर गोळे तुटत नाहीत.

आता पालेभाजीकडे वळू. या पदार्थाचे एक मूळ घर नेपल्स आहे, आणि तेथे सॉसेजबरोबर जो पाला घेतात त्याला फ्रियारिएल्ली म्हणतात. तो सलगम आणि मोहरीच्या कुळातला, कोवळ्या कळ्यांसह खुडलेला आणि चांगलाच कडसर असतो. हा कडसरपणाच पदार्थाचा कणा आहे, कारण तो चरबीचा ओशटपणा कापतो. पालक मात्र गोडसर आणि पाणीदार असल्यामुळे चरबीत नुसता लोळत राहतो. मुंबईत फ्रियारिएल्ली शोधत हिंडण्याचे कारण नाही. हिवाळ्यात मंडईत मोहरीचा पाला दिसला तर तोच घ्यावा, कारण तो त्याच कुळातला आहे. एरवी मुळ्याचा पाला उत्तम, आणि तो अनेकदा मुळ्याबरोबर फुकटच घरी येतो व फुकटच केराच्या टोपलीत जातो. मेथीही चालते. समुद्रमेथीच्या बोटभर उंचीच्या, पांढऱ्या मुळांच्या इवल्या जुड्या मिळाल्या तर त्यांची चव फार छान लागते, मात्र ती मेथी वाळूत वाढत असल्याने चार पाण्यांनी धुवावी आणि प्रत्येक वेळी पाला वर उचलून घ्यावा, भांडे उपडे करू नये. उपडे केले की खाली बसलेली वाळू पुन्हा पाल्यावरच येते. लाल माठात किंवा अंबाडीत मूठभर सुकट घालून भाजी करणाऱ्या किनारपट्टीच्या घरांना हे गणित नव्याने समजावण्याची गरज नाही. खारट, उग्र असे थोडे काही आणि भरपूर पाला, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कृतीत क्रम महत्त्वाचा आहे. मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला असल्यास जाड देठ काढून तो उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटे घालावा, लगेच गार पाण्यात टाकावा आणि दोन्ही तळहातांत दाबून घट्ट पिळावा. सात-आठशे ग्रॅम पाल्याचे शेवटी मोठ्या लिंबाएवढे चारपाच गोळे होतात. ते पाहून घाबरू नये, ते पुरतात. मेथी उकळू नये, ती धुऊन पंचावर पसरून कोरडी करावी.

सॉसेज वेष्टणासह असतील तर ते थंड कढईत ठेवून अर्धी वाटी पाणी घालावे, मध्यम आच करावी आणि झाकण ठेवून आठदहा मिनिटे मधूनमधून फिरवत शिजू द्यावे. आपले सॉसेज फुटले, कारण एकदम मोठ्या आचेवर वेष्टण आक्रसते आणि आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते. पाणी असेपर्यंत कढईतील उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आतला भाग सावकाश शिजतो. मग झाकण काढावे. पाणी आटले की सॉसेजची स्वतःची चरबी सुटते, आणि तिच्यात ते पाच मिनिटांत सर्व बाजूंनी तांबूस होतात. पोर्कच्या सॉसेजचा मधला भाग ७१ अंश सेल्सियसपर्यंत पोचावा लागतो. अखंड मांसाच्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, पण खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून येथे ‘थोडे कच्चे चालेल’ ही सवलत नाही. स्वयंपाकघरातला थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड सॉसेज मधोमध कापून पाहावे. घरचा खिमा असेल तर पाण्याची पायरी लागत नाही. त्याचे सुपारीएवढे तुकडे चमचाभर तेलात टाकून एक बाजू तांबूस होईपर्यंत अजिबात हलवू नयेत.

सॉसेज बाजूला काढून त्याच चरबीत मंद आचेवर लसणाच्या सातआठ पाकळ्यांच्या पातळ चकत्या घालाव्यात. ठेचलेली लसूण येथे पटकन करपते आणि सगळ्या भाजीला कडवट करते. हा कडूपणा आपल्याला हवा असलेला नव्हे. चकत्यांच्या कडा पिवळसर झाल्या की चिमूटभर भरड मिरची आणि पिळलेला, मोकळा केलेला पाला घालून आच मोठी करावी आणि झाकण न ठेवता चारपाच मिनिटे परतावे. पाल्याला चरबीची चकाकी आली की सॉसेज परत घालून, एक चमचा व्हिनेगर किंवा अर्धे लिंबू पिळून, शेवटी मीठ चाखून बघावे. सॉसेज आणि उकळीचे पाणी दोन्ही खारट असल्याने बहुधा मीठ लागतच नाही. मी पहिल्यांदा सवयीने भाजीला घालते तसे मीठ आधीच घातले होते आणि त्या रात्री घरातल्यांनी पावाबरोबर नुसता कांदा खाल्ला होता.

प्रश्न : आमच्याकडे पोर्क चालत नाही. पाकिटातले चिकन सॉसेज वापरता येतील का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : येतील, पण पाकिटावरील मजकूर आधी वाचावा. आपल्याकडील बरेचसे चिकन सॉसेज आधीच शिजवून गोठवलेले असतात. त्यांना पाण्यात पुन्हा शिजवले तर ते रबरासारखे होतात. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सैल करावे, तिरके कापून नुसते तांबूस करावे. चरबी कमी असल्याने कढईत दोन मोठे चमचे तेल घ्यावे आणि त्यात अर्धा चमचा ठेचलेली बडीशेप फोडणीसारखी तडतडू द्यावी. तेल ऑलिव्हचेच हवे असे नाही, शेंगदाण्याचेही चांगले लागते. चिकनचा कच्चा खिमा घेत असाल तर मांडीचा घ्यावा आणि तो ७४ अंशांपर्यंत शिजवावा.

प्रश्न : घरात गोव्याहून आलेली चोरिसची, म्हणजे तिकडच्या पोर्क सॉसेजची, माळ आहे. तीच पाल्यात घातली तर? (एक वाचक, वाकोला)

उत्तर : घालावी, मात्र तो इटालियन पदार्थ राहणार नाही. चोरिसमध्ये बडीशेपेची जागा व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण यांनी घेतलेली असते आणि ते मुरवून वाळवलेले असल्यामुळे फार तीव्र असते. वेष्टण काढून दोनशे ग्रॅमच घ्यावे, उभा चिरलेला एक कांदा आणि पेलाभर पाणी घालून वीस मिनिटे मंद आचेवर शिजवावे आणि पाणी आटून लाल चरबी कडेने सुटू लागल्यावर पाला घालावा. येथे माझा वरचा सल्ला मी उलटा फिरवते : आंबट आणि तिखट आधीच इतके असताना कडू पाला जिभेला सोसत नाही, म्हणून लाल माठ किंवा चवळीची कोवळी पाने घ्यावीत. मीठ, मिरची, लिंबू काहीही घालू नये. लादीपाव दुभंगून त्याची आतली बाजू त्याच कढईच्या तळाशी, लाल चरबीवर, मिनिटभर दाबून धरावी.