जायफळ फुलतं, पण फळ का धरत नाही?

प्रश्न : ताई, ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या बागेत नारळाच्या सावलीला जायफळाचं झाड आहे. लावून आठ वर्षं झाली. आता भरपूर फुलतं, पण फुलं गळतात, फळ एकही नाही. माळी म्हणतो खत वाढवा, कमिटीतले काहीजण म्हणतात तोडून टाका. काय करावं? आणि फळं आलीच, तर त्यांच्या सालीचं काही करतात का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : खत आणण्याआधी झाडाची दोन-चार फुलं तोडून नीट बघा. जायफळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळतं थेट फुलं आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षं पाणी घालून झाल्यावर. रोप विकताना हे कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

फुलं दोन्हीकडे पिवळट, घंटेच्या आकाराची, मंद वासाची. ती झुबक्यांनी आली असतील तर झाड बहुधा नर. मादी फूल एकेकटं किंवा दोन-तीन मिळून येतं आणि बुडाशी फुगीर असतं. खात्रीसाठी फूल ब्लेडने उभं चिरा. मधे परागकोश चिकटलेला बारीक दांडा दिसला तर नर. इवलासा गोळा आणि त्याच्या टोकाला दोन पाकळ्यांसारखा भाग दिसला तर मादी.

मादी असेल तर जवळपास नर नाही, एवढीच अडचण. दहा माद्यांना एक नर पुरतो, तेव्हा एक नर लावा. नर निघाला तरी कुऱ्हाड नको. झाड वरून छाटून नव्या फुटव्यांवर मादी झाडाच्या काडीचं कलम करता येतं. कोकणातला जाणता कलमकार हे करून देईल. आणि कमिटीला सांगा, शहरातली झाडं जपण्याच्या १९७५ च्या कायद्याने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

नवं लावायचं तर कलमच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण सुगंधा’ या जातीत नर-मादी फुलं एकाच झाडावर येतात, सोसायटीला ती सोयीची. घेताना काडी कुठली, हे विचाराच. उभ्या फुटव्याच्या काडीचं कलम सरळ वाढतं, आडव्या फांदीचं पसरत जातं. ऐरोलीची जमीन खाडीलगतची. जायफळाला ओल लागते, पण मुळाशी पाणी तुंबलेलं सोसत नाही, म्हणून उंचवटा करून लावा.

आता सालीचं. गुहागरला, माझ्या माहेरी, सुपारीच्या वाडीत जायफळं आहेत, तिथे साल कुणी टाकत नाही. फूल ते पिकलं फळ, यात नऊएक महिने जातात. मग फळ आपणहून दुभंगतं. जाड साल आंबट-तुरट. फोडी चिरल्या की लगेच काळ्या पडतात, म्हणून त्या थेट मिठाच्या पाण्यात टाका, रात्रभर ठेवून निथळा, तुरटपणा उतरतो. मग कैरीसारखंच लोणचं घाला. साखर घालून मुरंबाही सुरेख होतो.

आत बीवर लालभडक जाळी असते, तीच जायपत्री. ती न तुटता सोडवून वाळवा, रंग पिवळसर-केशरी होतो. मसालेभाताला तिचा एक तुकडा पुरे. बी मात्र कवचात खुळखुळेपर्यंत वाळवायची. फळं पावसाळ्यात उतरतात आणि आपल्याकडे जुलैत ऊन कुठलं! पंख्याखाली पसरून रोज हलवा, नाहीतर बुरशी धरते.

पुरणाला, श्रीखंडाला जायफळ सहाणेवर उगाळून चिमूटभरच घाला. जास्त पोटात गेलं तर गरगरतं, मळमळतं, मोठ्या मात्रेत ते विषारी आहे. घुटीत बाळाला द्यायची जुनी रीत आहे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.