'हॅपी बर्थडे टू यू' हे गाणं मुळात कोणाचं? आणि ते गायला पैसे द्यावे लागायचे हे खरं आहे का?

हो, लागायचे. घरी केक कापताना म्हणणाऱ्याला कोणी कधी विचारलं नाही, पण सिनेमात, टीव्हीवर, नाटकात, थोडक्यात धंद्यासाठी वापरलं की पैसे, आणि हे अगदी २०१५ पर्यंत चालू होतं. मी बालवाडीत शिकवते, महिन्यातून चार-पाच वेळा तरी हे पेटीवर वाजवते, त्यामुळे प्रश्न बघून राहवलं नाही.

तर हे गाणं वाढदिवसाचं नव्हतंच मुळी! अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिल शहर आहे, तिथे पॅटी हिल या बालवाडीच्या बाई होत्या आणि त्यांची थोरली बहीण मिल्ड्रेड पियानोवाली. मुलं सकाळी वर्गात आली की म्हणायला दोघींनी 'गुड मॉर्निंग टू ऑल' केलं, चाल मिल्ड्रेडची, शब्द पॅटीचे. १८९३ ला शिकागोच्या क्लेटन समी यांनी ते पुस्तकात छापलं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पॅटीबाईंनी पुढे एका केसमध्ये साक्ष देताना सांगितलंय की मिल्ड्रेडने चाल केली की दुसऱ्या दिवशी मी ती वर्गात म्हणून बघायचे, मुलांना जड गेली तर परत घरी आणून बदलायचो, असं सगळ्यात लहान मुलाला येईपर्यंत. आता कळलं ना आपल्याकडे इंग्रजीचा गंध नसलेलं तीन वर्षांचं पोरसुद्धा हे दोनदा ऐकून कसं म्हणतं ते!

पेटीवर बघा: प प ध प सां नि, प प ध प रें सां. मग तिसरी ओळ, प प पं गं सां नि ध, म्हणजे खालच्या पंचमावरून थेट वरच्या पंचमावर उडी, आणि नेमकं तिथेच 'बर्थडे' येतं, मुलाच्या नावाच्या जरा आधी. सगळ्यांचा आवाज तिथेच फाटतो, आमच्या हेडबाईंचा पण. 'गुड'चा एकच सूर होता तो 'हॅपी'साठी दोनदा घेतला, बाकी चाल जशीच्या तशी.

बर्थडेचे शब्द नक्की कधी चिकटले ते सोडा, पण १९१२ पर्यंत ते छापले गेले होते. मग १९३३ ला न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या एका नाटकात न विचारता वापरलं म्हणून तिसरी बहीण जेसिका कोर्टात गेली, १९३५ ला समी कंपनीने कॉपीराइट नोंदवला. मिल्ड्रेड तर १९१६ लाच गेली होती. कंपनी हातोहात विकली जात १९८८ ला वॉर्नर चॅपेल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडे आली आणि त्यांना या एका गाण्यातून वर्षाला साधारण २० लाख डॉलर मिळायचे म्हणतात. अमेरिकेतल्या कितीतरी हॉटेलांनी त्यापायी टाळ्या वाजवत म्हणायची स्वतःची वेगळीच बर्थडे गाणी करून घेतली होती.

हे मोडलं कसं तर, याच गाण्यावर डॉक्युमेंटरी करणाऱ्या एका बाईंकडे १५०० डॉलर मागितले. त्यांनी भरले, पण २०१३ ला केस टाकली. शोधाशोधीत १९२२ चं एक जुनं गाण्यांचं पुस्तक सापडलं, त्यात हे शब्द कॉपीराइटच्या सूचनेशिवाय छापलेले! सप्टेंबर २०१५ मध्ये जज म्हणाले की समी कंपनीला शब्दांचे हक्क कधी मिळालेच नव्हते, मिळाले होते ते फक्त पियानोच्या काही मांडणीचे. मग १ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे इतकी वर्षं जे नव्हतंच त्याचं भाडं घेतलं 😄

भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो. पॅटीबाई १९४६ ला गेल्या, म्हणजे शब्द त्यांचे धरले तरी २००६ संपताना आपल्याकडे विषय मिटला होता. १९६७ च्या 'फर्ज'मधलं रफीसाहेबांचं 'बार बार दिन ये आये' हे मात्र वेगळं बरं का, त्यात हॅपी बर्थडे टू यू येतं पण चाल लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची आहे, ते व्हिडिओला लावाल तर त्याचे हक्क वेगळे. हिल बहिणींचं साधं गाणं मात्र घरच्यांच्या आवाजात म्हणून व्हिडिओत खुशाल टाका. फक्त पहिली ओळ जरा खालून उचला, नाहीतर तिसऱ्या ओळीतल्या 'बर्थडे'वर सगळेच अडकतात.