क्लबफूट: प्लास्टरनंतरच्या चार वर्षांची तयारी

"पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचं पाऊल आत वळलेलं दिसलंय. डॉक्टर म्हणाले क्लबफूट आहे, जन्मल्यावर प्लास्टर घालून सरळ होईल. आम्ही आतापासून काय तयारी करायची?" लहान मुलांच्या हाडांच्या ओपीडीत समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो. विचारणाऱ्यांचं सगळं लक्ष प्लास्टरवर असतं. मी मात्र बोलणं प्लास्टरनंतर वर्षानुवर्षं घालायच्या खास बुटांपासून सुरू करते. असं का, ते भांडुपच्या एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गरोदर अश्विनी, तिचा नवरा संदेश आणि संदेशची आई (त्यांना मी काकू म्हणते) असे तिघं एकत्र आले होते. अश्विनीने रिपोर्टची फाईल टेबलावर ठेवली, पण उघडू दिली नाही. "मॅडम, आधी सांगा, माझं काय चुकलं?" घरात दोन तर्क चालू होते. काकूंच्या मते ग्रहण लागलेलं असताना हिने विळीवर भाजी चिरली होती. अश्विनीला स्वतःला वाटत होतं, ऐरोलीच्या ऑफिसात दिवस दिवस खुर्चीवर बसल्यामुळे पोटातलं पाऊल दबलं असणार.

दोन्हींत तथ्य नाही, हे मी काकूंकडे बघूनच सांगितलं, कारण अश्विनीला ते त्यांच्यासमोर ऐकायचं होतं. पोटरीच्या मागचे आणि पावलाच्या आतल्या बाजूचे बंध आखूड, घट्ट राहतात. त्यामुळे टाच वर खेचली जाते आणि पाऊल आत वळतं. असं का होतं, याचं एकच एक कारण बहुतेक बाळांत सापडत नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा असतो. साधारण हजार बाळांमागे एकाला हा त्रास असतो, मुलग्यांमध्ये मुलींच्या जवळजवळ दुप्पट, आणि निम्म्या बाळांना दोन्ही पायांना. आई कशी बसली, काय चिरलं, याचा त्यात कुठेच संबंध येत नाही. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावात एकाचा पाय असाच होता. जन्मभर पावलाच्या कडेवर चालला बिचारा." सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर तो माणूस होता.

त्या माणसाला लहानपणी जे मिळालं नाही, ते आज मिळतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हा मार्ग धरला. मोठी ऑपरेशनं केलेली पावलं पुढे आखडतात आणि दुखतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून तान्ह्या बाळाचं लवचीक पाऊल हातांनी हलकेच थोडं थोडं वळवायचं आणि दर आठवड्याला तेवढ्यावर प्लास्टर घालायचं, अशी पद्धत त्यांनी बसवली. जगाने ती स्वीकारायला पुढची कित्येक वर्षं घेतली. आज जगभर हीच पद्धत पहिली मानतात, आणि त्यांचा जन्मदिवस, ३ जून, जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो. मुंबईत परळच्या वाडिया आणि केईएमसारख्या रुग्णालयांत हे उपचार होतात. मुलांची तपासणी आणि मोफत उपचार करणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही क्लबफूट आहे. त्यामुळे खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना पहिल्याच भेटीत गाठा. संकोच करू नका.

नात्यातल्या कुणीतरी संदेशला फोनवर सुचवलं होतं, "अजून वेळ आहे, बघा काय ते." म्हणजे गर्भपात करा. हे तो खाली मान घालून बोलला. असा सल्ला घरोघरी दिला जातो, म्हणून मी तो टाळून पुढे जात नाही. मी त्यांना डॉक्टरांना विचारायला एक प्रश्न लिहून दिला: फक्त पाऊल वळलेलं आहे, की पाठीच्या कण्यात, हातांत, नितंबाच्या सांध्यांत किंवा आणखी कुठे काही दिसतंय? त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. त्यांच्या बाळाचा फक्त उजवा पाय तसा होता, बाकी सगळं नीट. अशी मुलं उपचारांनंतर चालतात, धावतात, खेळतात. हे कळल्यावर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पाऊल किती ताठर आहे ते मात्र सोनोग्राफीत नीट कळत नाही, जन्मल्यावर हात लावूनच कळतं. क्वचित एखाद्या बाळाचं पाऊल नुसतंच दुमडलेलं निघतं आणि सहज सरळ होतं.

आता प्लास्टर. पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघ्यात वाकवलेलं, दर आठवड्याला नवं, साधारण पाच-सहा वेळा. शेवटी टाच खाली येत नसेल, आणि बहुतेक बाळांत ती येत नाही, तर टाचेमागची आखडलेली कंडरा छोट्याशा छेदातून सोडवतात. घरी सगळे त्याला 'नस कापणं' म्हणतात आणि हादरतात. बहुतेक ठिकाणी तेवढाच भाग बधिर करून काही मिनिटांत ते होतं. त्यानंतरचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात, तेवढ्यात कंडरा योग्य लांबीला भरून येते.

प्लास्टरबद्दल दोन गोष्टी आधी माहीत असल्या तर दचकायला होत नाही. पहिल्या प्लास्टरनंतर पाऊल वरच्या बाजूला उलटल्यासारखं, आधीपेक्षा वाकडं दिसू शकतं. शेवटच्या प्लास्टरमध्ये ते बाहेरच्या बाजूला इतकं वळवलेलं असतं की पालक म्हणतात, "अहो, आता उलट्या बाजूला गेला!" दोन्ही मुद्दाम केलेलं असतं. रोज बघायची ती बोटं. ती गुलाबी हवीत, हलकं दाबून सोडलं की रंग लगेच परत यायला हवा. बोटं निळी-पांढरी पडली, सुजली, किंवा काल दिसत होती ती आज प्लास्टरच्या आत गेली, म्हणजे प्लास्टर घसरलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दाखवायचं.

यांचं बाळ जूनच्या अखेरीस जन्मलं, म्हणजे प्लास्टर ऐन पावसात. भांडुपच्या त्यांच्या खोलीत ओलं दुपटं दोन दोन दिवस वाळत नव्हतं, तिथे प्लास्टर कसं वाळायचं? पहिला दिवसभर पंख्याखाली, पाय पांघरुणाबाहेर ठेवून. अंघोळ बंद, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. काकूंनी ठरवून ठेवलेल्या मालिशवाल्या मावशींना मी आधीच निरोप द्यायला सांगितला होता, कारण "चोळून चोळून सरळ करते पाय" असं त्या म्हणणार हे नक्की होतं. अंगाला तेल लावा, पण त्या पावलाशी जोर लावू नका.

सव्वा महिन्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड निघाला. बाळ-बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, यावर काकू ठाम. उपचार पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झाले तर बंध मऊ असतात, काम सोपं जातं. पण थोडं मागे-पुढे झालं म्हणून संधी हातची जात नाही. डॉक्टरांनी हे काकूंना स्वतः समजावलं. बारसं झाल्यावर पहिलं प्लास्टर घालायचं ठरलं. माझ्या मते अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांना हरवून काही साधत नाही. पुढे चार वर्षं त्यांचेच हात लागणार असतात.

आणि ही चार वर्षं बुटांची.

शेवटचं प्लास्टर निघालं की घरात पेढे वाटतात. पाऊल सरळ दिसतं, सगळ्यांना वाटतं सुटलो. त्याच दिवशी बाळाला एका दांडीला जोडलेले दोन बूट मिळतात. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. फक्त उजवा पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांत, कारण दांडीच पावलाला बाहेर वळवून धरते आणि तिला दुसऱ्या पायाचा आधार लागतो. प्लास्टर डॉक्टर घालतात. बूट आपण घालायचे, रोज, मूल रडत असताना, पाहुणे बघत असताना. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यांत मोठं कारण बूट सुटणं हेच आहे. म्हणूनच मी गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यातच विचारते: रात्री बूट कोण घालणार? ती व्यक्ती आजारी पडली तर कोण?

संदेश बेस्टमध्ये कंडक्टर, पाळी बदलती. त्याने पहिली गोष्ट ही केली की साप्ताहिक सुट्टी ओपीडीच्या वाराला जुळवून घेतली. सकाळच्या गर्दीत गुडघ्यात वाकलेल्या प्लास्टरचं बाळ घेऊन लोकलमध्ये चढणं अश्विनीला एकटीला जमणारं नव्हतं. बाळाला पाजायची वेळ प्लास्टरच्या वेळेशी जुळवायची हेही त्यांनी ठरवलं, कारण दूध पिणारं बाळ पाय ढिला सोडतं. आणि रजेचा हिशोब आम्ही तिथेच कागदावर केला. प्रसूती रजा २६ आठवडे. प्लास्टरचे आठ-नऊ, बुटांच्या २३ तासांचे तेरा, सुरुवातीचे दोन-तीन. जेमतेम बसतं, पण रजा बाळंतपणाआधी खर्च केली तर बसत नाही. अश्विनीने डॉक्टरांना विचारून शेवटच्या आठवड्यापर्यंत काम केलं.

बुटांच्या पहिल्या तीन रात्री वाईट गेल्या. बाळ एकेक पाय सुटा मारायला बघत होतं आणि दांडी ते होऊ देत नव्हती. अश्विनीने दांडी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, असा खेळ लावला. चौथ्या दिवशी त्याचं त्याला कळलं की दोन्ही पाय मिळून मारता येतात. बूट घालायची रीत काकूंनी सगळ्यांत चांगली उचलली: सुती मोजा, एकही सुरकुती नाही, आधी टाच खाली टेकवायची, मधला पट्टा घट्ट, मग बाकीचे. बुटाच्या मागच्या भोकातून टाच दिसते का, हे त्या चष्मा लावून बघायच्या. पावलाला तेल, पावडर, क्रीम काही नाही, त्याने पाऊल बुटात घसरतं आणि फोड येतात. बूट काढल्यावर लाल डाग दिसला आणि तो थोड्या वेळात गेला नाही, तर काकू स्वतः मला फोन करायच्या.

तरीही एकदा सुटलंच. पुढच्या वर्षी गणपतीत सगळे गावी गेले. मूल नुकतंच पावलं टाकायला लागलं होतं. आल्या-गेल्याने म्हटलं, "चालतोय की! सणासुदीला पोराला बेड्या कशाला?" बूट पिशवीतच राहिले, नंतर तिथे मुक्कामही लांबला. मुंबईत परतल्यावर टाच बुटात खाली बसेना. अश्विनी रडत आली, आपण सगळं घालवलं म्हणून. डॉक्टरांनी दोन प्लास्टर पुन्हा घातली, पाऊल परत जागेवर आलं, बूट परत सुरू झाले. लवकर लक्षात आलं तर असंच करता येतं. मी अश्विनीला एवढंच म्हटलं, की मूल चालायला लागतं तेव्हाच बहुतेक घरांत बूट सुटतात, कारण तेव्हा डोळ्यांना काहीच दोष दिसत नाही. पण पाऊल भराभर वाढतंच असतं आणि आत वळायची ओढ त्यात अजून शिल्लक असते.

त्यानंतर नातेवाईकांना काय सांगायचं ते संदेशने ठरवून टाकलं: "डॉक्टरांनी चार वर्षं सांगितलीत, आम्ही चार वर्षं घालणार." पुढे काही समजावत बसायचं नाही. पुढच्या वेळी कोकणकन्येच्या बर्थवर मूल बूट घालूनच झोपलं.

आता ते अडीच वर्षांचं आहे. तीन-चार महिन्यांनी तपासणी असते, पाऊल वाढलं की बूट बदलतात. मागच्या भेटीत अश्विनीने विचारलं, उजवी पोटरी बारीक दिसते, ती भरेल का? ती थोडी बारीकच राहते आणि पाऊलही किंचित लहान राहू शकतं. चालण्या-धावण्यात त्याने अडत नाही. शाळेचे बूट घेताना मोठ्या पायाच्या मापाचे घ्या आणि लहान पायाच्या बुटात एक जाडसर सोल टाका, असं मी तिला सांगितलं.