27 गाठी निघाल्या म्हणजे 27 कॅन्सर?

"म्याडम, सत्तावीस गाठी निंगाल्या म्हन्ते. येका मानसाच्या पोटात सत्तावीस कॅन्सर? अन् डॉक्टर म्हन्ते सुरुवातीचा हाये. मंग खरं कोनतं?"

विचारणारे काकाजी यवतमाळ जिल्ह्यातले कापूस पिकवणारे शेतकरी, पन्नाशी ओलांडलेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जठराच्या कॅन्सरमुळे जठराचा खालचा भाग काढून तीन आठवडे झाले होते. सोबत काकू आणि मुलगा. बियाण्याच्या पिशवीत आठ घड्या घातलेला रिपोर्ट. बोलता बोलता काकाजींचा हात सारखा मानेवर, काखेत जात होता. आणखी कुठे गाठ लागते का, ते चाचपत होते.

सुरुवातीचा आहे तर गाठीत गेला कसा, हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. मला वाटतं, यातली निम्मी भीती एका शब्दाची आहे. कॅन्सरलाही आपण गाठ म्हणतो आणि लिंफ नोडलाही गाठच. डॉक्टर घाईत "27 गाठी काढल्या" सांगून जातात आणि घरात आठ-आठ दिवस चूल धड पेटत नाही.

मी रिपोर्टमधल्या ओळीवर बोट ठेवलं. "काकाजी, या गाठी तुमच्या जन्मापासूनच्या. माझ्याही पोटात आहेत, पोराच्याही. तुरीच्या नाहीतर वालाच्या दाण्याएवढ्या. अंगातला पाझर गाळून पुढे सोडायचा, हे त्यांचं काम. जठराभोवतीच्या 27 काढून तपासल्या. 26 स्वच्छ निघाल्या. एकीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या."

"पन त्या एकीत तरी गेला कसा?" मुलगा म्हणाला.

कागदावर चार रेघा ओढल्या. जठराची भिंत थराथरांची असते: आत अस्तर, त्याखाली मऊ थर, मग स्नायू, बाहेरून पातळ आवरण. 'सुरुवातीचा' हा शब्द फक्त खोली सांगतो. कॅन्सर पहिल्या दोन थरांतच असेल, तर तो सुरुवातीचा, गाठीत पेशी सापडोत वा न सापडोत. जपानी डॉक्टरांनी 1962 साली ठरवलेली ही व्याख्या आजही चालते. आता पाझर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या अस्तराच्या वरच्या भागात जवळपास नसतातच. त्या अस्तराच्या तळाशी सुरू होतात आणि दुसऱ्या थरात त्यांचं दाट जाळं असतं. म्हणून अस्तरापुरता कॅन्सर गाठीत पोचतो तो शंभरात साधारण 2 ते 5 जणांचा. दुसऱ्या थरात उतरला, की साधारण 15 ते 25 जणांचा. काकाजींच्या रिपोर्टवर 'टी वन बी' होतं, म्हणजे दुसरा थर.

काकाजी कागदाकडे बघत राहिले. "म्हंजे गाजरगवताचं बी. वावरात वरतं पडलं तं तिथंच रायते. पान्याच्या चरीत गेलं का धुऱ्यापावतर वाहते."

"अगदी तसंच. तुमचं बी धुऱ्याजवळच्या खड्ड्यात अडकलं. डॉक्टरांनी वावराचा तो तुकडा, चर अन् खड्डे सगळं मिळूनच काढलं."

मुलाचा राग शिल्लक होता: सीटी स्कॅनमध्ये गाठी का नाही दिसल्या? स्कॅन मुख्यतः आकार पाहतो. नेहमीएवढ्याच गाठीत चार पेशी दडल्या असतील, तर त्या सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात. म्हणून तर चांगल्या दिसणाऱ्या गाठीही काढतात. किमान 15-16 गाठी तपासल्याशिवाय खात्रीने टप्पा सांगता येत नाही. 27 हा आकडा भिण्याचा नाही, काम नीट झाल्याचा आहे.

गावात कुणीतरी काकूंना सांगितलं होतं, चाकू लागला म्हणून पसरला. ती गाठ त्याच शस्त्रक्रियेत निघाली. पेशी तिथे आधीच पोचल्या होत्या. एवढं ऐकून काकू रडल्या. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा त्यांनीच लावला होता. पंधरा दिवस त्या स्वतःला दोष देत होत्या, हे तोवर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

एक-दोन गाठींत पेशी असल्या तर त्याला 'एन वन' म्हणतात. एवढ्या कमी खोलीसोबत तो धरला, तरी टप्पा पहिलाच राहतो. यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर जाणं ही वेगळी गोष्ट, आणि ती काकाजींच्या तपासण्यांत आढळली नव्हती. "बरे झालात" असं मात्र मी म्हटलं नाही. पुढे केमो लागेल की नाही, हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील. तपासणीची तारीख सोयाबीनच्या सोंगणीत आली तरी चुकवायची नाही, हे मुलाकडून कबूल करून घेतलं.

"शेजारीन म्हने, चांगलंचुंगलं खाल्लं का गाठी पोसते," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "म्या वरन-अंडं बंदच केलं."

"आजच सुरू करा. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, नीट चावून."

काकाजींनी रिपोर्ट मुलापुढे सरकवला. "त्या वळीखाली पेनानं रेघ मार. गावात इचारतीन तं दाखवाले."