भिंतीवरची थाप

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या भयपटाची संहिता वाचली. वाडा मनापासून उभा केला आहेस. पण तिसऱ्याच पानावर आरशात बाई दिसते आणि माझी भीती तिथेच ओसरते. त्याहून मोठी अडचण तुझ्या नायिकेची आहे. तिच्या मनाला काय लागून राहिलंय, ते शेवटपर्यंत कळत नाही. तिच्या जागी दुसरं कुणीही राहायला आलं असतं, तरी वाडा असाच वागला असता. मानसिक भयपट इथेच फसतो.

रॉबर्ट वाईजचा १९६३चा ‘द हॉन्टिंग’ मिळवून पाहा. त्यातल्या एलिनॉरची उमेदीची वर्षं आजारी आईच्या उशाशी गेलेली आहेत. आई भिंतीवर थाप मारून तिला बोलवायची. एका रात्री थाप पडली, एलिनॉर गेली नाही आणि आई गेली. आता ती बहिणीच्या घरी कोचावर झोपते. भुताखेतांचा अभ्यास करणारा एक माणूस तिला हिल हाऊस नावाच्या झपाटलेल्या वाड्यात बोलावतो, तर तेवढ्यानेच ती हरखते. कुणाला तरी आपण हवे आहोत! तिथे भेटलेल्या थिओ नावाच्या बाईला ती सांगते की माझं स्वतःचं घर आहे. साफ खोटं. मला हे खोटं सगळ्यात जास्त लागतं.

आणि पहिल्याच रात्री भिंती धडधडू लागतात. अर्धवट झोपेत एलिनॉर आईलाच ओ देते. याच घरात पूर्वी एक म्हातारी काठी आपटून मदतनीस बाईला बोलावत राहिली होती आणि ती बाई आली नव्हती, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. घराने एलिनॉरची दुखरी नस बरोबर पकडली आहे. आवाज थिओलाही येतो, त्यामुळे ‘हिच्या मनाचे खेळ’ म्हणून आपली सुटका होत नाही.

पुढचा एक प्रसंग नीट बघ. काळोखात भिंतीपलीकडून पुटपुट ऐकू येते, मग लहान मूल रडतं. कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीवर खिळतो आणि बघता बघता त्या नक्षीत चेहरा दिसायला लागतो. एलिनॉर थिओचा हात घट्ट धरून पडली आहे. स्वतः थरथरत असतानाही तिला त्या मुलाच्या छळाचाच संताप येतो आणि ती ओरडते. दिवा लागतो, तर थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग हात कुणाचा होता? इथे अंगावर काटा येतो, पण त्याआधी आपण एलिनॉरच्या बाजूचे झालेलो असतो. नुसता हात दाखवला असता तर दचकलो असतो आणि विसरलो असतो.

चित्रपटात भूत कुठेच दिसत नाही. दार आतल्या बाजूला फुगतं, तो लाकडी पातळ थरांचा दरवाजा होता आणि मागून माणूस ओंडक्याने रेटत होता. भिंती वाकड्या वाटाव्यात म्हणून वाईजने पॅनाव्हिजन या कॅमेरे-लेन्सच्या कंपनीकडून ३० मिलिमीटरची, अजून पूर्ण तयार न झालेली रुंद कोनाची लेन्स हट्टाने मागून घेतली. आवाज आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी नटांना ऐकवले. हे तुलाही परवडेल. जुन्या दारावर मुठीने, काठीने, उशीने थापा मारून बघ, फोनवर रेकॉर्ड कर आणि चित्रीकरणाच्या वेळी तुझ्या नटीला न सांगता लाव.

आणखी एक. घाबरलेलं माणूस पळून का जात नाही, हा प्रश्न प्रेक्षक विचारणारच. गाडी बंद पडली, पूल वाहून गेला, असली उत्तरं मला पटत नाहीत. एलिनॉरला तिथून घालवायला निघतात तेव्हा ती राहू द्या म्हणून विनवते, कारण तिला परत जायला जागाच नाही. या घराला तरी आपण हवे आहोत, असं तिला वाटतं. भीती आणि कणव इथे एकाच धाग्यात येतात. शेवट सांगत नाही, तू बघ.

आता आरशातली बाई काढून टाक. नायिका वाड्यात येण्याआधीच्या वर्षाबद्दल दोन पानं लिही, चित्रपटात ती येणार नसली तरी. तिने कुणाच्या हाकेला ओ दिली नाही, ते मला हवंय. वाड्याने काय करायचं ते त्यानंतर ठरवू. दिवाळीच्या आत पाठव, म्हणजे सुट्टीत सविस्तर बोलता येईल.

तुझा,
काका