विंडोज अपडेटनंतर लॅपटॉपचा आवाज गेला, दुकानदार फॉरमॅट मारायला सांगतोय. मारू, की यूएसबी साउंड कार्ड घेऊ?

फॉरमॅट मारू नका. आपल्या खान्देशात लॅपटॉप शिंकला तरी फॉरमॅट मारतात, जळगाव काय नि धुळे काय. अपडेटनंतर आवाज जातो तो बहुतेक वेळा ड्रायव्हरमुळे, म्हणजे विंडोज आणि साउंड चिप यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. फॉरमॅट झाल्यावर विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवतं. टॅलीचा डेटा आणि लग्नाचे फोटो मात्र परत आणत नाही.

म्यूट, आवाजाची पट्टी, ब्लूटूथला आवाज जातोय का, हे बघून झालंय असं धरतो. रीस्टार्टही केलं असेल. शटडाउन नव्हे, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये ड्रायव्हर नुसते झोपतात आणि सकाळी तसेच उठतात.

आता दोनदा फॉरमॅट होऊन टेबलावर आलेलं एक मशीन घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, रिअलटेकचं (साउंड चिप बनवणारी कंपनी) नाव नाही आणि ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळं चिन्ह घेऊन ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ बसलेला. त्यावर रिअलटेकचा ड्रायव्हर तीनदा टाकून झालेला. दहादा टाकला तरी उपयोग नाही. इंटेलच्या बऱ्याच नव्या मशीनमध्ये विंडोज रिअलटेकच्या चिपपर्यंत इंटेलच्या स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीतून पोचतं. तापीवर पूलच नसेल तर भुसावळची गाडी यावलला कशी जाणार? म्हणून क्रम पाळायचा. लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर टाका. आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर, मग स्मार्ट साउंडचा, रीस्टार्ट, मग रिअलटेकचा, पुन्हा रीस्टार्ट. तिथे फॉरमॅट मारणाऱ्याने ज्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकलं, त्यात हा मधला ड्रायव्हर नव्हता. म्हणजे दुसऱ्यांदाही तेच होणार होतं, आणि झालं.

कुठला ड्रायव्हर हवा हे अंदाजाने ठरवू नका. डिव्हाइसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हेन’ (VEN) पुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. रिअलटेकच्या ओळीत ‘डेव्ह’ (DEV) पुढे ०२३६ म्हणजे एएलसी २३६ चिप, ०२५६ म्हणजे एएलसी २५६. ‘सबसिस’ (SUBSYS) पुढची पहिली चार अक्षरं लॅपटॉप कंपनीची: १०३सी एचपी, १०२८ डेल, १७एए लेनोवो, १०२५ एसर. चिप एकच असली तरी स्पीकर, माइक, जॅक कुठल्या पिनला जोडलेत ते कंपनीगणिक बदलतं. दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकला की एकच स्पीकर वाजतो, नाहीतर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

रिअलटेकचं नाव दिसतंय पण आवाज नाही, असं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण फिकट असेल तर अपडेट ड्रायव्हर, ब्राउज, ‘लेट मी पिक’ आणि यादीतून ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर. इक्वलायझर वगैरे जाईल, आवाज येईल. नंतर मायक्रोसॉफ्टच्याच ‘शो ऑर हाइड अपडेट्स’ टूलमधून तो बिघडवणारा ड्रायव्हर लपवा, नाहीतर काही दिवसांत परत हजर.

अपडेट चालू असताना लाइट गेली आणि बॅटरी आधीच मेलेली, हा आपल्याकडचा खास प्रकार. तेव्हा फायली अर्धवट राहतात. टर्मिनल अॅडमिन म्हणून उघडून आधी डिझम (DISM) रिस्टोरहेल्थ, मग एसएफसी (SFC) स्कॅननाऊ, या विंडोजच्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड चालवा. क्रम हाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून फायली उचलतं तो साठा डिझम दुरुस्त करतं.

साउंडच्या जुन्या खिडकीत प्लेबॅक टॅबवर, गाणं लावल्यावर हिरव्या पट्ट्या नाचतायत आणि स्पीकर मुका आहे? मग विंडोजचा पिच्छा सोडा. हेडफोन लावून बघा. त्यात आवाज आला तर जॅकच्या आत काहीतरी अडकलंय किंवा स्पीकरची वायर सुटलीय. जिनिंगच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये कापसाची रुई जॅकमध्ये घट्ट बसते. आतली पत्ती दाबलेली राहिली की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलाय. मशीन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. सुई घालू नका, पत्ती वाकते.

यूएसबी साउंड कार्डचं म्हणाल तर चालतं. त्यात स्वतःची चिप असते, रिअलटेकशी संबंध नाही. पण जानेवारी २०२५ च्या अपडेटने काही यूएसबी डॅकच (अशीच बाहेरून लावायची आवाजाची उपकरणं) बंद पाडले होते, ‘कोड १०’ ही एरर दाखवून. तेव्हा तेही अपडेटपासून सुटलेलं नाही.

हो, आणि इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर स्मार्ट साउंडची आवृत्ती तपासा. १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या दोन आवृत्त्यांवर विंडोज ११ मध्ये निळा पडदा येऊन मशीन बंद पडत होतं. आवृत्तीच्या शेवटी ५७१४ किंवा त्यापुढचा आकडा हवा. एएमडीचा प्रोसेसर असलेल्या मशीनला वरचं स्मार्ट साउंड प्रकरण लागू नाही, तिथे एएमडीचे ड्रायव्हर आधी टाका. मोठं अपडेट होऊन दहा दिवस उलटले नसतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ही आहे.

एवढं करूनही दुकानात जायचंच असेल तर पैसे द्यायच्या आधी त्याला हार्डवेअर आयडी काय दिसतोय ते विचारा. सांगता आलं नाही तर लॅपटॉप पिशवीत घाला आणि निघा.